‘जाने भी दो यारों’ आणि शोभाबाई
कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारों’ (१९८३) म्हटले की बहुतेकांना आधी महाभारताचा प्रवेश आठवतो, आणि मीही त्याला अपवाद नव्हतो. दूरदर्शनच्या काळात हा चित्रपट पाहिला, तेव्हा आयुक्त डिमेलो यांचे प्रेत द्रौपदी म्हणून रंगमंचावर उभे राहते आणि पुढे जो गोंधळ माजतो, तेवढाच भाग मनात घर करून राहिला होता. बऱ्याच वर्षांनी तो पुन्हा सलग पाहिला, तेव्हा मात्र सर्वांत जास्त लक्ष वेधून घेतले ते भक्ती बर्वे यांनी साकारलेल्या शोभा सेन या संपादिकेने.

मराठी प्रेक्षकाला भक्ती बर्वे म्हटले की ‘ती फुलराणी’मधली मंजुळा आठवते, त्यामुळे ‘खबरदार’ या नियतकालिकाची संपादिका म्हणून त्या समोर आल्या की आपण नकळत त्यांच्या बाजूचे होऊन जातो. विनोद आणि सुधीर या दोन छायाचित्रकारांचेही तेच होते. बिल्डर तरनेजा आणि आयुक्त यांचे साटेलोटे उघड करायला निघालेली ही बाई गोड, ठाम आणि स्वच्छ आवाजात बोलते, आणि पुढे डिमेलोच्या खुनाचा पुरावा हाती आल्यावर त्याच आवाजात तरनेजाशी सौदा करू लागते. बर्वे यांनी या बदलासाठी ना भुवई उंचावली आहे, ना आवाज खाली आणला आहे. पंकज कपूर यांचा तरनेजा पहिल्या प्रवेशापासूनच खलनायक असतो. त्याची भीती वाटत नाही, गंमत वाटते. भीती वाटते ती शोभाबाईंची, कारण तक्रार घेऊन जायची जागाच विक्रीला निघाली आहे, हे त्या दोघा भाबड्यांच्या आधी आपल्या ध्यानात येते.

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशांवर, सुमारे सात लाख रुपयांत हा चित्रपट उभा राहिला. ही ओढाताण पडद्यावर लपत नाही. विनोदच्या हातातला कॅमेरासुद्धा ती भूमिका करणाऱ्या नसीरुद्दीन शाह यांचा स्वतःचा होता. मात्र मोजक्या जागा आणि साधे नेपथ्य यांमुळे कचेऱ्या खरोखरच कचेऱ्यांसारख्या दिसतात, आणि ‘थोडा खाओ, थोडा फेंको’ म्हणत केक खाणारा आणि फेकणारा डिमेलो त्या रुक्ष भिंतींसमोर अधिकच निर्लज्ज वाटतो. अँटोनिओनी पार्कमध्ये काढलेले छायाचित्र मोठे करत जाताना झुडपामागचा खून उघड होतो, हा इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनी यांच्या ‘ब्लो-अप’ या गाजलेल्या चित्रपटाला केलेला मुजरा आहे. तो ठाऊक नसला तरी काही बिघडत नाही.

सगळेच टिकले आहे असे नाही. दोन स्टुडिओंमधली चढाओढ आता लांबलेली वाटते आणि शवपेटीमागची धावपळ थोडी आवरती घेतली असती तरी चालले असते. महाभारताचा प्रवेश मात्र अजूनही तितकाच हसवतो. भीम झालेला आहुजा, म्हणजे तरनेजाचा प्रतिस्पर्धी बिल्डर, द्रौपदीत सगळेच शेअरहोल्डर असल्याचे बजावतो, दुर्योधन वस्त्रहरणाचा बेतच रद्द करतो, आणि आंधळा धृतराष्ट्र दर थोड्या वेळाने ‘ये क्या हो रहा है’ असे विचारत राहतो. आता त्यात आणखी एक गोष्ट दिसली. ज्याला त्याला द्रौपदी आपल्या ताब्यात हवी असते, पण ती प्रत्यक्षात एका भ्रष्ट अधिकाऱ्याचा मृतदेह आहे, आणि तो ज्याच्या हाती लागेल त्याला इतरांची मानगूट धरता येणार आहे. डिमेलो झालेल्या सतीश शाह यांनी एक शब्दही न बोलता हा प्रवेश तोलून धरला आहे, याला नुसते हसू आणणे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

शेवटी तरनेजा, आहुजा, नवे आयुक्त आणि शोभाबाई एकत्र बसून आपापसांत मिटवून घेतात आणि तरनेजाने बांधलेला पूल कोसळल्याचे खापर विनोद-सुधीरच्या माथी फोडले जाते. कैद्यांच्या कपड्यांत ते दोघे मुंबईच्या रस्त्यावर येतात आणि पार्श्वभूमीला ‘हम होंगे कामयाब’ वाजते. लहानपणी ते गाणे शाळेतले म्हणून ओळखीचे वाटले होते. आता ते ऐकताना त्या बैठकीत शोभाबाई किती सहजपणे आपली खुर्ची सांभाळून बसल्या होत्या, तेच डोळ्यांसमोर येत राहिले.