औषध पाजलेली बुलेट

जुन्या गाडीला किक मारायच्या आधी मी डिपस्टिक काढतो. तेल किती आहे ते नंतर, आधी दोन बोटांत धरून चोळायचं. त्या दिवशी बोटं उघडली तर मधाची निघते तशी तार निघाली. नुसत्या २०डब्ल्यू-५० तेलाची अशी तार निघत नाही.

"सर, यात काय घातलंय?"

"औषध," सर म्हणाले. "दोन तऱ्हेचं. एक तेल घट्ट करायचं, एक घर्षण कमी करायचं."

सर कागलकडचे, शाळेतून निवृत्त झालेले. गाडी सत्तरच्या दशकातली साडेतीनशे, बिडाच्या सिलिंडरची. नोकरीत असताना पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली आणि आजही शेताकडं तिच्यावरच जातात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या गॅरेजला जुन्या बुलेट बऱ्याच येतात, पण त्यातल्या निम्म्या वरातीपुरत्या आणि फोटोपुरत्या बाहेर पडणाऱ्या. सरांची तशी नव्हती. हँडलच्या रबराला त्यांच्या मुठीचा आकार आला होता. अशी रोज राबणारी गाडी टेम्पोतून आलेली बघवत नाही. हातातलं काम पोराकडं देऊन मी तीच आधी घेतली.

तक्रार अशी की पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला इंजिन ओढेना, निळा धूर सुटला आणि खालून ठकठक ऐकू यायला लागली. थोडी ठकठक आधीही होती म्हणे. औषध घातल्यावर ती थांबली आणि सर निर्धास्त झाले. पुढं दर वेळी तेल बदललं की बाटली ठरलेली.

"आवाज गेला होता की हो मेस्त्री! माझ्या कानानं ऐकलंय."

आवाज गेला होता हे खरंच. त्यावर मी वाद घातला नाही. घट्ट तेल झिजेनं पडलेल्या फटीत टिकून राहतं आणि धातूवर धातू आदळायचा आवाज दबतो. फट मात्र तेवढीच राहते आणि आतल्या आत वाढत जाते. ज्या आवाजानं मालकाला वेळेत गॅरेजला आणायचं, तोच बंद झालेला असतो. या औषधांवर माझा खरा राग आहे तो इथंच.

अँपिअर मीटरचा काटा मध्ये आणून, डीकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून किक मारली. गाडी लागली. रॉकरला, म्हणजे हेडमध्ये व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना, तेल नेणाऱ्या बारीक नळीचा वरचा पोकळ बोल्ट (बँजो बोल्ट) जरासा सैल केला. इंजिन चालू असताना तिथून तेल पाझरून आलं पाहिजे. बराच वेळ बघत राहिलो, बोल्टच्या कडेला नुसती ओल आली. लगेच इंजिन बंद केलं.

या इंजिनात तेल फिरतं कसं ते माहीत असलं की ही खूण पुरेशी आहे. तेलाची टाकी वेगळी नाही, क्रँककेसच्याच मागच्या कप्प्यात तेल असतं, तीच टाकी. टायमिंगच्या बाजूला वर्मवर फिरणाऱ्या स्पिंडलला दोन पंप आहेत. एक टाकीतलं तेल फेल्टच्या (नमद्याच्या) फिल्टरमधून बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला देतो. तिथून खाली पडलेलं तेल दुसरा पंप उचलतो, थोडं रॉकरला पाठवतो आणि बाकीचं टाकीत सोडतो. म्हणजे वर तेल येत नसेल तर बहुतेक वेळा खालीच पुरेसं जात नाही. पंप तपासायच्या आधी फिल्टर उघडायचा.

फेल्ट बाहेर आलं ते कडक होऊन. नवं फेल्ट दाबलं तर दबतं, हे दबेना. ब्लेडनं उभं कापून पांढऱ्या कागदावर पसरलं. करड्या रंगाचा चिकट लगदा, त्यात काळा गाळ आणि उजेडात धरलं की बारीक चमक. कागदाखालून चुंबक फिरवला. थोडी पूड सरकली, ती लोखंडाची. बाकीची चमक जागची हलली नाही, आणि मला काळजी वाटली ती तिची. या बुलेटच्या बिग एंडला रोलर नसतात, फ्लोटिंग बुश, म्हणजे मोकळी फिरणारी कडी असते, आणि त्याच्यावरचा पांढरा धातू चुंबकाला चिकटत नाही.

सरांनी खिशातून दोन्ही बाटल्या काढून दिल्या. एका बाटलीत टेफ्लॉनची बारीक पूड होती, लेबलवरच तसं लिहिलं होतं. पूड तेलात विरघळत नाही, नुसती तरंगते. फेल्टचं काम अडवायचं, त्यानं ती अडवली. वर जुना गाळ आणि घट्ट तेल. बिग एंडला तेल पोचायची वाट अशी बंद होत गेली.

मग हेड आणि सिलिंडर उतरवला. पिस्टन काढून कनेक्टिंग रॉड हातात धरला. नवशिकी पोरं रॉड डावी-उजवीकडं हलवून "गेला" म्हणतात, पण ती हालचाल असायलाच हवी. बघायची ती वर-खाली. क्रँक वरच्या टोकाला स्थिर धरून रॉड सरळ वर ओढला, खाली दाबला. टक. पुन्हा ओढला, पुन्हा टक. मी सरांना पुढं बोलावलं, त्यांचा हात रॉडवर ठेवला. त्यांनी स्वतः ओढून बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे सगळा वेळ हे चाललं होतं?"

व्हय सर. सगळा वेळ.

चहा आला तेव्हा त्यांनी ते औषध कुठं घेतलं ते सांगितलं. एका प्रदर्शनात स्टॉल होता. टेबलावर मोटर, तिला फिरतं चाक, चाकावर वजन टाकायचा दांडा. साध्या तेलात वजन टाकलं की मोटर थांबायची. तेच दोन थेंब औषध टाकलं की वजनावर वजन चढवलं तरी चाक फिरत राहायचं. विज्ञान शिकवलेला माणूस, डोळ्यांदेखत झालेला प्रयोग. विश्वास बसणारच.

प्रयोग खोटा नव्हता. पण त्यात चाक आणि दांड्यावरचा धातू एका रेघेवर घासतात, दाब प्रचंड असतो, तेलाचा थर टिकतच नाही. तिथं क्लोरीनची संयुगं असलेलं औषध बाजी मारतं. बिग एंडच्या बुशाचं काम निराळं. पंपानं तेल येत राहिलं की पिन आणि बुश यांच्यामध्ये तेलाचा थर तयार होतो आणि पिन त्या थरावर तरंगत फिरते. तिथं हवं ते स्वच्छ, योग्य जाडीचं आणि न थांबता येणारं तेल. शिवाय क्लोरीनची ती संयुगं उष्णतेत आणि दमट हवेत आम्ल तयार करू शकतात. शेताकडं जेमतेम गरम होण्याएवढी चालणाऱ्या गाडीत पाण्याचा अंश राहतोच.

सरांनी चांगला प्रश्न विचारला. "मग झिंकचं काय? जुन्या इंजिनाला झिंक लागतं म्हणतात."

यात तथ्य आहे. बुलेटचे टॅपेट, म्हणजे कॅमवर बसून व्हॉल्व्हचे दांडे ढकलणारे तुकडे, सपाट पायाचे; ते कॅमवर घासतच चालतात. तिथं झेडडीडीपी नावाचं झिंक आणि फॉस्फरसचं संयुग धातूवर संरक्षक थर धरतं. नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो, म्हणून कारच्या पातळ तेलांत त्याचं प्रमाण ०.०८ टक्क्यांवर आणलं. ती पातळ तेलं जुन्या बुलेटमध्ये ओतू नयेत एवढंच यातून निघतं. मोटरसायकलसाठीच्या जासो एमए दर्जाच्या तेलात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के ठेवलेला असतो. त्याच दर्जाचं २०डब्ल्यू-५० घातलं की वेगळी बाटली कशाला? तेल बनवणारा डिटर्जंट, गाळ तरंगत ठेवणारी रसायनं, झिंक यांचा मेळ घालून देतो. त्यात आपण अंदाजानं भर घातली की तो मेळ बिघडतो. सरांच्या गाडीचे कॅम आणि टॅपेट मी पुसून उजेडात धरले. पृष्ठभाग गुळगुळीत, एकही ओरखडा नाही.

सिलिंडरचं मूळ माप ७० मिलिमीटर. आधी एकदा २० थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज झालेला. बोअर गेजनं वर, मध्ये, खाली, आडवं-उभं मोजलं. वरच्या रिंगच्या जागेला स्पष्ट खाच होती. तेल घट्ट केल्यानं एवढे दिवस धूर दबला होता, रिंगा मात्र कधीच गेल्या होत्या. ४० थाऊचा पिस्टन ठरवला. क्रँक शेजारच्या गल्लीत दिला. उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या ऑइल इंजिनं उघडणारे हात आहेत. नवी पिन, नवा बुश बसवून, क्रँक दोन सेंटरांत धरून, डायल लावून त्यांनी तो सरळ करून दिला. मी सगळे तेलमार्ग रॉकेलनं आणि हवेनं साफ केले, टाकीच्या तळाचा गाळ कापडानं पुसून काढला. हे काम कंटाळवाणं आहे, पण जुना गाळ राहिला तर नवं तेल तो सोडवतं आणि नव्या बुशावर नेऊन घालतं.

गाडी जोडून झाल्यावर पुन्हा तोच बँजो बोल्ट सैल केला. तेल लगेच आलं, बोल्टवरून ओघळून हेडवर पडलं. सर वाकून बघत होते.

"आता रनिंगमध्ये तरी थोडं घालू का? नवीन पिस्टन आहे म्हणून म्हणतो."

"आत्ता तर अजिबात नको सर. रिंग आणि बोअर एकमेकांवर थोडे घासूनच बसतात. घर्षण फार कमी केलं तर बोअरला चकाकी येते, रिंगा बसत नाहीत, आणि गाडी नवी असून तेल खाते."

त्यांनी डायरी काढली. पहिलं तेल ५०० किलोमीटरला बदलायचं, फेल्टही बदलायचं, चढावर टॉप गिअरमध्ये कोंडायची नाही, एवढं लिहून घेतलं. मग विचारलं, "मेव्हण्यांकडं जुनी येझदी आहे. त्यांनाही मीच एक बाटली दिलीय, गिअर ऑइलमध्ये घाला म्हणून."

जुन्या येझदीच्या क्लचप्लेटा गिअरच्याच तेलात बुडालेल्या असतात. त्या तेलात घर्षण कमी करणारं काही गेलं की क्लच सुटायला लागतो. मी सरांना तिथल्या तिथं फोन लावायला सांगितला. मेव्हण्यांनी झाकण अजून उघडलं नव्हतं.