किरणांच्या माऱ्यात पेशी जपणारे मँगेनीज

लासलगावच्या विकिरण केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची जी मात्रा दिली जाते, ती शंभर ग्रेच्या (ग्रे हे शोषल्या गेलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) आतली असते. माणसाच्या सर्वांगाला एकदम पाच ग्रे मिळाले, तरी उपचारांअभावी मृत्यू ओढवू शकतो. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जिवाणू मात्र पाच हजार ग्रे पचवून पुन्हा वाढू लागतो. १९५६ मध्ये अमेरिकेत किरणांनी निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात तो जिवंत सापडला होता.

हे बळ त्याला कोठून मिळते, याचे उत्तर बराच काळ डीएनएमध्येच शोधले गेले. मायकेल डॅली हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की किरणांनी या जिवाणूच्या डीएनएचे इतरांइतकेच तुकडे होतात, पण त्याची प्रथिने शाबूत राहतात, आणि म्हणूनच ते तुकडे सांधणारी विकरे आपले काम पुरे करू शकतात. प्रथिनांना हे संरक्षण मँगेनीजकडून मिळते. किरणांमुळे पेशीतल्या पाण्याचे रेणू फुटून अतिक्रियाशील मूलके तयार होतात. त्यांतून उद्भवणाऱ्या सुपरऑक्साइड या ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपाला मँगेनीजची फॉस्फेट व छोट्या पेप्टाइडांबरोबरची संयुगे निष्प्रभ करतात. आवर्तसारणीत शेजारीच बसलेले लोह नेमके उलटे वागते: हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली, की ते अत्यंत घातक असे हायड्रॉक्सिल मूलक निर्माण करते. अणुक्रमांक २५ आणि २६ यांच्यातला हा फरक मी वर्गात आवर्जून सांगतो.

मामांना तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झाला, तेव्हा नाशिकमध्येच त्यांना किरणोपचाराचे शेक दिले गेले: दर वेळी दोन ग्रे, आठवड्यातून पाच दिवस. तिसऱ्या आठवड्यात गालाची आतली बाजू सोलवटून पांढरी पडली आणि मुगाच्या वरणाचे गाळलेले पाणीही गिळवेना. “अजून किती राहिले रे?” एवढेच ते रोज विचारत.

अशा रुग्णांसाठी, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या विकरासारखेच काम करणारे अ‍ॅव्हासोपासेम हे मँगेनीजचे संयुग तयार झाले आहे. शेक देण्याआधी ते शिरेतून देतात. ते सुपरऑक्साइडचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते. निरोगी पेशी त्याची विल्हेवाट लावू शकतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितकेसे साधत नाही, आणि म्हणून गाठीला संरक्षण न मिळता निरोगी पेशी तेवढ्या वाचाव्यात, अशी त्यामागची धारणा आहे. तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत तोंड तीव्र स्वरूपात येण्याचे प्रमाण ६४ वरून ५४ टक्क्यांवर आले आणि त्रासाचे दिवसही बरेच घटले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला एवढा पुरावा पुरेसा वाटला नाही आणि २०२३ मध्ये त्याने आणखी एक चाचणी मागितली.

पुराव्याबाबतचा तो काटेकोरपणा मला मान्य आहे. मात्र तंबाखूपायी तोंडाच्या कर्करोगाचे इतके रुग्ण जिथे दरवर्षी शेक घेतात, त्या आपल्या देशातल्या संशोधन संस्थांनी अशा चाचणीसाठी पुढाकार घ्यायला हवा, असे मला मनापासून वाटते.