सुट्टी, बर्फ आणि पाच जणांची टोळी
आजची अख्खी सुट्टी ‘शॅडो टॅक्टिक्स: ब्लेड्स ऑफ द शोगन’मध्ये गेली आणि मन भरून आलंय. म्युनिकच्या मिमिमी गेम्सने 2016 मध्ये काढलेला हा लपतछपत खेळायचा कॉम्प्युटर गेम. काळ 1615 च्या सुमाराचा, जपानमधला, शोगुनच्या म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या राजवटीचा. ज्यांनी ‘कमांडोज’ हा जुना गेम खेळलाय त्यांना घराणं लगेच ओळखू येईल: वरून दिसणारा नकाशा, पहारेकऱ्याच्या नजरेचा हिरवा पट्टा आणि हाताशी मोजकी माणसं, इथे पाच जणांची टोळी.

बर्फातल्या मोहिमेने तर वेड लावलं. बर्फात पावलं उमटतात आणि ती दिसली की पहारेकरी माग काढत येतो. म्हणजे जी गोष्ट लपवायची, तिचंच आमिष करता येतं! ठसे मुद्दाम वळवून न्यायचे, वाटेत टोळीतल्या युकीचा सापळा मांडायचा आणि झुडपात दबा धरून बसायचं. गवती टोपीवाले पहारेकरी मात्र जागचे हलत नाहीत. दारूची बाटली दिसली तरी नाही. त्यांच्यासाठी शॅडो मोड: प्रत्येकाची चाल आधी ठरवून ठेवायची, मग एकच बटण दाबलं की टोळीतल्या हायातोचा शुरिकेन (फेकायचं धारदार पातं) आणि मुगेनची तलवार एकाच क्षणी चालते. तो क्षण साधला ना, की खुर्चीत बसवत नाही.

2023 मध्ये हा स्टुडिओ बंद होत असल्याचं जाहीर झालं, याचं मला आजही मनापासून वाईट वाटतं. इतक्या निगुतीने गेम बनवणारे फार कमी आहेत.

आता याच गेमचा 2021 चा जोडभाग ‘आइकोज चॉइस’ सुरू करतोय. कोणी खेळलंय का?