स्टेडियम लोकांचं, पाटी एन्रॉनची

एन्रॉन म्हटलं की आपल्याला गुहागर आठवतं, दाभोळ, "अरबी समुद्रात बुडवू"वाल्या घोषणा आणि एमएसईबीला न परवडणारी वीज. इथे ह्यूस्टनमध्ये जुन्या लोकांना एन्रॉनबरोबर बेसबॉलचं स्टेडियम पण आठवतं. २००० साली अ‍ॅस्ट्रोज टीमचं नवंकोरं स्टेडियम सुरू झालं तेव्हा त्याचं नावच एन्रॉन फील्ड होतं, ३० वर्षांसाठी १० कोटी डॉलर्सचा करार, आणि डिसेंबर २००१ मध्ये कंपनीनं दिवाळं काढलं! मग २००२ मध्ये टीमनं २१ लाख डॉलर्स मोजून नाव परत विकत घेतलं, पाटी उतरवली आणि त्याच वर्षी मिनिट मेड ज्यूसवाल्यांना विकलं. डाव्या बाजूच्या भिंतीवर एक छोटी रेल्वे धावते, तिच्या डब्यात मोठाली खोटी संत्री भरली, म्हणजे जाहिरात कशी पूर्ण व्हायला हवी ना. २०२५ पासून डाइकिन पार्क झालंय, हो तेच आपले एसीवाले, करार २०३९ पर्यंत.

आता गंमत बघा, स्टेडियम बांधलं कोणाच्या पैशानं? १९९६ साली हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, ह्यूस्टन हिच्यातच येतं) सरकारी पैशानं स्टेडियम बांधायचं का यावर मतदान झालं, अगदी काठावर पास झालं, आणि त्यासाठी हिरीरीनं पुढे असलेल्यांत एन्रॉनचे चेअरमन केनेथ ले होते. मग एक सरकारी स्पोर्ट्स अथॉरिटी काढली, हॉटेलवर २ टक्के आणि भाड्याच्या गाड्यांवर ५ टक्के टॅक्स लावला आणि त्या पैशातून कर्ज फेडायचं ठरलं. बाहेरून येणारा पाहुणा भरेल, तुमच्या खिशाला चाट नाही असं लोकांना सांगायचं, जे ऐकायला छानच वाटतं. पण मागे आईबाबा आले होते, आमच्या गाडीत सगळे मावेनात म्हणून आठवडाभर मोठी गाडी भाड्यानं घेतली, आणि बिलात भाड्याखाली टॅक्सची ही लांबलचक यादी, त्यात हा ५ टक्के पण. आम्ही इथलेच की हो. बाबांनी चष्मा लावून बिल वाचलं आणि विचारलं, "आपण क्रिकेट तरी बघितलं का कुठे?"

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ना, त्यातला प्रकार, फक्त इथे तुळशीपत्र ठेवणाऱ्याला वर पैसेही मिळतात. इमारत सरकारी अथॉरिटीची, टीम भाडेकरू, पण नाव विकायचा हक्क टीमचा आणि कमाईही टीमची. आणि माझा राग कंपन्यांवर नाहीये, त्यांना पाटी हवी, त्या पैसे मोजतात, चूक काय? खरा प्रश्न आहे की करार करताना काउंटीच्या बाजूनं कोण बसलं होतं. टीमनं शहर सोडून जाऊ अशी धमकी दिली की पुढारी लगेच नरमतात, इथेही तेच झालं.

असं होतंच असं नाही. मायामीत बास्केटबॉलचा एरिना काउंटीच्या मालकीचा आहे आणि २०२१ मध्ये त्याचं नाव क्रिप्टोवाल्या एफटीएक्सला १९ वर्षांसाठी साडेतेरा कोटी डॉलर्सना विकलं ते काउंटीनंच, टीमला त्यातला छोटा हिस्सा. हे पैसे बंदुकीची हिंसा कमी करण्याच्या कामाला लावायचं ठरलेलं. पुढे एफटीएक्स पण २०२२ मध्ये बुडाली, ते सोडा, पाटी बदलून काउंटीनं पुढच्याच वर्षी केसिया नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीला गाठलं. म्हणजे गिऱ्हाईक तिथेही तसंच निघालं, पण गल्ला काउंटीकडे होता.