चाकोरीतलं गवत

सायकलसाठी कच्चे रस्ते शोधून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. खडीचे, मुरमाचे, मातीचे, शिवारातून नाहीतर कालव्याच्या कडेनं जाणारे. येणाऱ्यांची मागणी एकच असते, "ताई, गाड्या नकोत." चढ चालतो, धूळ चालते, थोडं चुकलं तरी चालतं. मागून हॉर्न तेवढा नको.

पहिली निवड घरी बसूनच होते. ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 पासून जगभरच्या हौशी लोकांनी भरत आणलेला नकाशा. त्यात कच्च्या वाटांना एक ते पाच अशी प्रत दिलेली असते. एक म्हणजे दाबून घट्ट झालेला, जवळपास डांबरीच. पाच म्हणजे नुसती माती, पावसानंतर चाक रुतणार. मी दोन-तीनच्या रेघा उचलते, उपग्रहाच्या चित्राशी ताडून बघते, जीपीएक्स फाइल (सायकलवरच्या यंत्राला वाट दाखवणारी) बनवते आणि मग एकदा एकटीनं चालवून येते. त्या खेपेला ही शेवटची पायरी मी गाळली. वेळच नव्हता, असं तेव्हा सांगितलं. खरं कारण आळस.

आठ जण आणि मी, एकूण 58 किलोमीटर.

पहिले अठरा किलोमीटर नुसता वॉशबोर्ड. पन्हाळी पत्र्यावरून चालवल्यासारखं, बोटांना मुंग्या. या लाटा कुणी मुद्दाम करत नाही. कोरड्या, सुट्या खडीवरून चाकं ठरावीक वेगाच्या वर जायला लागली की त्या आपोआप उठतात. बारीकसा उंचवटा लागतो, चाक उडतं, पलीकडे आपटतं, तिथं खळगा पडतो, त्याच्यापुढे पुन्हा उंचवटा. म्हणून लाटा दिसल्या की मी ओळखते, इथून गाड्या जातात आणि दामटून जातात. गेल्याही. दोन डंपर आणि एक जीप. नवीकोरी सायकल घेऊन आलेल्या तरुणानं तोंडावरची धूळ पुसत विचारलंच, "हाच का तो बिनगाड्यांचा रस्ता?"

मग फाटा आला आणि सगळं बदललं. लाटा संपल्या. दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा पट्टा, सायकलवाल्याला याहून गोड दृश्य नाही. मधे गवत म्हणजे गाड्या मोजक्याच. आणखी चार किलोमीटरवर चाकोऱ्यांतही गवत दिसायला लागलं, घोट्याएवढं. मी हरखले. इतका निवांत रस्ता मला वर्षभरात सापडला नव्हता. उतरून फोटो काढला, तोही जमिनीलगत फोन धरून, पुढच्या जाहिरातीसाठी. एवढ्या वर्षांच्या अनुभवाला त्या गवतात काही खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

तेविसाव्या किलोमीटरला मागून फस्स आवाज आला. नव्या सायकलवाल्याचंच चाक. गवतात दडलेल्या फोडीव दगडाच्या धारेनं टायरची बाजूची भिंत चिरली होती, नखभर लांब. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला सीलंटचं, म्हणजे टायरमधल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाचं, पांढरं दूध त्याच्या पोटरीवर उडत होतं. टायर 40 मिलिमीटर रुंद, ट्यूबलेस. मधल्या जाड रबरातल्या भोकात प्लग, म्हणजे रबराची चिकट वात, खुपसला की काम होतं, बाजूची भिंत मात्र पातळ आणि लवचीक, तिथं तो ठरत नाही. दोनदा घातला, दोनदा बाहेर आला. मग टायर काढला, चिरेवर आतून जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा लावला (तो माझ्या पिशवीत कायम असतो), व्हॉल्व्ह काढून आत ट्यूब भरली. वीस मिनिटांत आम्ही निघालो आणि मी स्वतःवर खूश.

तीन किलोमीटरवर चाक पुन्हा बसलं.

चूक सर्वस्वी माझी. ट्यूबलेसमध्ये काटा शिरला तर आतलं सीलंट भोक बुजवतं, पण काटा तिथंच राहतो. चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. असे काटे आठवडेच्या आठवडे साठत जातात. त्याच टायरमध्ये ट्यूब घातली की प्रत्येक काटा तिच्याकडे टोक करून बसलेला असतो. ट्यूब घालण्याआधी टायर आतून चाचपायचा असतो, हे मी दर खेपेला सगळ्यांना सांगते. सांगतेच फक्त, हे त्या दिवशी कळलं.

आता मांडी घालून बसले. टायर उलटा केला, चिकट सीलंट रुमालानं पुसलं आणि तर्जनी आतून इंचाइंचानं फिरवली. सराट्याचे काटे. टोक एवढं बारीक की डोळ्याला दिसत नाही, बोटाला मात्र लगेच कळतं. पकडीनं एकेक ओढून काढला. अकरा निघाले. एकजण ते पालथ्या हेल्मेटवर मांडून मोजत होता. बोटाच्या टोकातून तीन ठिकाणी रक्त. आमच्याकडची शेवटची धड ट्यूब त्यात घातली.

ऊन कलत आलं होतं. फोनला रेंज नव्हती. कुणीतरी म्हणालं, "एखादी गाडी आली असती तर..." आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. कुणी हसलं नाही.

आणखी दीड किलोमीटरवर रस्ता संपला. संपला म्हणजे अक्षरशः. ओढ्यावरची मोरी वाहून गेली होती. सिमेंटचे पाइप खाली पात्रात वेडेवाकडे पडलेले, दोन्ही काठांमधे दहा-बारा मीटरची फट, खाली दीड पुरुष खोल. मी मोरीच्या तुटक्या कडेकडे बघत राहिले. तिच्यावरही गवत होतं, चांगलं दाट. मोरी या पावसाळ्यात गेलेली नव्हती.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. चाकोऱ्यांतलं ते गवत मला हेच सांगत होतं.

बिनगाड्यांचा रस्ता म्हटलं की माझ्या ग्राहकांच्या डोळ्यांपुढे न्यूझीलंडचा ओटॅगो सेंट्रल रेल ट्रेल असतो. जुन्या रेल्वेमार्गावर 2000 साली पूर्ण खुला झालेला, 152 किलोमीटर लांब. आगगाडीला झेपेल एवढाच चढ, त्यामुळे सायकलला तर मौजच. पण तिथले पूल आणि बोगदे कुणीतरी राखत असतं. शिवारातल्या गाडीवाटेला असा धनी नसतो. तिच्यावरून जाणारी चाकंच तिला राखतात. ती गवत दाबतात, आणि ज्याचा ट्रॅक्टर रुततो तोच शिव्या देत खड्ड्यात दगड टाकतो. चाकं यायची थांबली की दोन पावसाळ्यांत वाट जमिनीची होते.

पलीकडच्या बांधावर एक काका गुरं वळत होते. मी ओरडून विचारलं, "काका, मोरी कधी गेली?"

"दोन पावसाळे झाले की!"

"आम्हाला वाटलं, गाड्या येत नाहीत, रस्ता चांगला असणार."

काका थोडा वेळ आमच्याकडे, मग आमच्या सायकलींकडे बघत राहिले. "अगं पोरी, गाड्या का येत नाहीत, ते आधी इचारायचं ना कुणाला!"

आठ जणांसमोर. उत्तर काय देणार?

त्यांनीच हातानं दाखवलं, वरच्या अंगाला तीनेकशे पावलांवर गुरं उतरतात, तिथून जा. उतार चिखलाचा, पाणी गुडघ्याएवढं. आम्ही साखळी केली आणि सायकली हातोहात पलीकडे दिल्या. चिखल बुटांच्या क्लीटमध्ये, म्हणजे तळाच्या पेडलला अडकणाऱ्या खटक्यात, असा गच्च बसला की नंतर अर्धा तास कुणाचाच पाय पेडलला अडकेना. सगळे काड्यांनी बूट कोरत बसले होते आणि काका मजेत बघत होते. शेवटचे बारा किलोमीटर अंधारात, तिघांकडेच दिवे होते, त्यांना पुढे, मधे आणि मागे लावलं. डांबरी रस्ता लागला तेव्हा समोरून आलेल्या ट्रकच्या हॉर्नला नव्या सायकलवाल्यानं हात हलवून दाद दिली.

घरी पोचल्यावर अंघोळीच्याही आधी नकाशा उघडला. ओढ्यापाशी ती रेघ तोडली, दोन तुकडे केले, मधे फट ठेवली आणि मोरी वाहून गेल्याची नोंद केली. अलीकडच्या तुकड्याची प्रतही उतरवून चार केली.

तीन आठवड्यांनी सहज बघितलं तर कुणीतरी रेघ पुन्हा जोडून ठेवली होती. उपग्रहाच्या जुन्या चित्रात मोरी धड दिसते ना! मी परत तोडली.