कंपनीची टीम, कासवांची संस्था आणि गस्तीचं रजिस्टर

आमच्या कंपनीत एचआर आणि सीएसआर (कंपनीने समाजासाठी करायचा खर्च) या दोन टेबलांच्या मधोमध माझी खुर्ची आहे, त्यामुळे दोन्हीकडची नकोशी कामं आपसूक माझ्याकडे येतात. यंदाचं काम होतं, टीमला कोकणात एखाद्या पर्यावरण संस्थेकडे ‘लर्निंग व्हिजिट’ला नेण्याचं. साहेबांच्या डोक्यात सगळं तयार होतं: किनाऱ्याची सफाई, तिथेच झाडं लावणं, कासवाची पिल्लं सोडताना फोटो आणि रात्री शेकोटी.

दापोली तालुक्यातल्या, समुद्री कासवांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेला फोन लावला. पलीकडच्या काकांनी यादी शांतपणे ऐकली आणि एकेक खोडत गेले. पुळणीवर झाडं नकोत. सुरूची झाडं लावली की कासवाच्या मादीला घरटं करायला जागा उरत नाही. शेकोटी नको, उजेड दिसला की मादी वर न चढताच माघारी वळते आणि पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे जातात. पिल्लं हातात घेणं तर नाहीच. इथे येणारं ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. “मग आम्ही करायचं काय?” “या, बसा, बघा. तेवढ्यासाठी कोणी येत नाही हो.”

तारखेवरून वेगळंच रामायण. साहेबांना पिल्लं नक्की दिसतील असा शनिवार हवा होता. अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात, तेही वाळू किती तापते त्यावर. मीटिंगचं आमंत्रण अंड्यांना कसं पाठवणार? शेवटी काकांनी मार्चमधला एक आठवडा सुचवला आणि “दिसली तर दिसली” हे मी मेलमध्ये ठळक अक्षरांत लिहून टाकलं. असा दौरा ठरवणाऱ्या कोणालाही मी हेच सांगेन. आणखी एक गोष्ट: दौऱ्याचा खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, कारण कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे उपक्रम त्यात बसत नाहीत. आम्ही तो प्रशिक्षणाच्या बजेटमधून केला.

ताम्हिणी, माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड करत पोहोचलो. मुक्काम गावातल्या घरांमध्येच, जेवायला कुळथाची पिठी आणि सोलकढी. एसी नाही म्हणून दोघं कुरकुरले, पण पिठीचं ताट समोर आल्यावर गप्प झाले.

संध्याकाळी काकांनी पडवीत बसवून मागची गोष्ट सांगितली. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी फिरत असताना वेळासच्या किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तोवर अंडी माणसं न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री खायची. गावाला बरोबर घेऊन काम सुरू झालं, पुढे कासव महोत्सव भरू लागला आणि किनाऱ्यावरची इतर गावंही यात आली. आमच्या एका इंजिनिअरने विचारलं, इथे अंडी घालणारी कासवं इथलीच कशावरून? काका हसले. ओडिशात 2021 मध्ये टॅग लावलेली मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली होती. नंतर तो इंजिनिअर बराच वेळ मोबाइलवर नकाशा बघत होता.

पहाटे गस्तीच्या पोरांबरोबर गेलो. मादीचा माग वाळूत वर चढलेला आणि परत उतरलेला. कासवमित्राने काठीने वाळू हळूच चाचपली, मऊ लागली तिथे उकरायला घेतलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. खड्डा माठासारखा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. अंडी एकेक करून, न उलटता, धक्का न लावता बाहेर आली. हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित ठेवायच्या जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोलीचा, तसाच खड्डा करून ती पुरली. मग खिशातली वही निघाली: तारीख, वेळ, जागा, अंड्यांची संख्या. आम्ही सगळे नुसते उभे. फोटो काढायचं कोणाला सुचलंच नाही, हे साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

सफाईही झाली, पण काकांच्या पद्धतीने. जाळ्यांचे तुकडे, दोऱ्या, प्लास्टिक उचलायचं. वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीला हात लावायचा नाही, वाळू ती धरून ठेवते. तोवर आमच्यातल्या एकाने उत्साहाने हातभर वेल उपटलीच होती. हॅचरीतली टोपली उचलल्यावर पिल्लं दिसली, दोरीमागे उभं राहून त्यांना पाण्यापर्यंत जाताना पाहिलं. त्याबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही.

मला खरी भेट वाटली ती दुपारची, जमाखर्चाची. देणगीदारांकडून टी-शर्ट येतात, नाव छापलेल्या कचराकुंड्या येतात. नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत रात्री-पहाटे चालणाऱ्या पोरांच्या मानधनाला मात्र कोणी पैसे देत नाही, आणि मानधन नसेल तर पोरगा मुंबई गाठतो. आमच्या अकाउंट्समधल्या ताई म्हणाल्या, पगार म्हणजे प्रशासकीय खर्च, त्याला 5 टक्क्यांची मर्यादा. मी नियम उघडून दाखवला: ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे, प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च तिच्यात धरत नाहीत. गस्त हाच तर प्रकल्प! ताईंनी दोनदा वाचलं आणि संस्थेचं गस्तीचं रजिस्टर पुढे ओढलं.

परतल्यावर मी लिहिलेल्या प्रस्तावात झाडं नाहीत, टी-शर्ट नाहीत. एका हंगामाचं मानधन, टॉर्च आणि हॅचरीची जाळी आहे. आयकरातली 12ए आणि 80जी नोंदणी आणि सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थांना 2021 पासून सक्तीची झालेली सीएसआर-1 ची नोंदणी, ही कागदपत्रं काकांनी लगेच पाठवली. कंपनीच्या सीएसआर समितीने एकच शंका काढली: गस्त झाली याचा पुरावा काय? ताईंनी रजिस्टरच्या पानांचे फोटो जोडून फाइल परत वर पाठवली आहे.