आऱ्याची वाटणी

क्रोशाची लाकडी सुई मागणारं गिऱ्हाईक आधी रंग विचारतं. शिसवी आहे का, काळपट आहे का, फोटोत चकाकतेय तशीच येईल ना. लाकडाची रेष कशी धावते हे फारसं कुणी विचारत नाही, आणि सुई मोडते ती मात्र रेषेपायी. रेष सुईच्या लांबीला धरून असेल तर चुलीत जाणारं लाकूडही वर्षानुवर्षं साथ देतं. तिरकी सुटलेली असेल तर महागातली शिसवीसुद्धा आकड्याखालच्या खाचेत, आम्ही तिला गळा म्हणतो तिथं, एक दिवस टक्कन जाते.

ही अक्कल पॅटर्न शॉपमधली. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी लाकडी पॅटर्न करायचो. पंपाची बॉडी असो की व्हॉल्व्हचं झाकण, जे ओतायचं त्याचा आधी लाकडात नमुना. ओतीव लोखंड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून आमची फूटपट्टीच तेवढी लांब असते. अशा पट्टीवर हात बसलेल्या माणसाला चार मिलिमीटरची सुई चार मिलिमीटरचीच करायचं वेगळं शिकवावं लागत नाही. पुढं सीएनसी मशिन आल्या, हातकाम आटलं, आणि बायकोला करून दिलेल्या सुईवरून तिच्या मैत्रिणींच्या ऑर्डरी सुरू झाल्या. मिरजेत सतारमेकर गल्लीत सतारीच्या खुंट्या करून उरलेले शिसवीचे तुकडे मिळतात, ते आणतो. तंबोऱ्याचं तून लाकूड मात्र कुणी फुकट दिलं तरी नको. तंबोऱ्याला ते हलकं आणि मऊ लागतं, सुईला तेच नडतं.

तर त्या दिवशी भर पावसात रिक्षातून दोघं उतरली. साठी ओलांडलेल्या आक्का, आणि त्यांच्या मागं खताच्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी काखेत धरून त्यांचा धाकटा भाऊ. आक्कांचं सासर सांगलीतच, माहेर हरिपूर. गणपतीतल्या एका प्रदर्शनात त्यांनी माझ्या सुया हाताळल्या होत्या. घेतली मात्र नव्हती, ‘बघून येते’ म्हणाल्या होत्या. असं म्हणणारी माणसं सहसा परत येत नसतात.

पोतं सोडलं. आत बैलगाडीच्या चाकाचा आरा. पावणेदोन फूट लांब, मनगटाएवढा जाड, अंगावर वाळलेल्या गाळाचा पांढुरका थर.

“आमच्या आप्पांची गाडी हुती,” आक्का म्हणाल्या. “सगळी हळद ह्या गाडीनं पेठंत आलीया. एकोणीसच्या म्हापुरात गोठ्यात हुती, पाण्यात बसली. एक चाक मोडलं, दुसरं ह्यानं धाब्यावाल्याला इकलं.”

“भिताडाला लावलंय त्यानं. लाइटिंग सोडलंय वर,” भाऊ म्हणाले. स्वर तक्रारीचा होता की कौतुकाचा, कळलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती. हरिपूर तर कृष्णा-वारणेच्या संगमावरच. हळद साठवायची तिथली जमिनीखालची पेवं २००५ च्या पुरातच निम्मीशिम्मी कामातून गेली होती. त्या गाळात बसलेलं लाकूड म्हणजे भाऊंच्या मते सरपण. “म्या म्हनलं, बंबात घाल. तर ही म्हनती, सुई करून घेती.”

आक्कांना नात झाली होती. बाळंतविड्यात टोपडं, मोजे, दुपटं सगळं हातचं द्यायचं होतं, आणि ते ह्याच लाकडाच्या सुईनं विणायचं होतं.

मी आरा पाण्यानं पुसला. बाभूळ. आमच्या धंद्यात बाभळीचं नाव कुणी काढत नाही. खरबरीत पोताची, भोकं मोठी, पॉलिशला रुसणारी. पण तिच्याइतकं चिवट लाकूड या मुलखात सहज मिळत नाही, म्हणून तर गाडीची चाकं आणि नांगर तिचे करत. पुराचं म्हणाल तर भिजल्यानं बाभूळ बिघडतेच असं नाही. जुने सुतार ती मुद्दाम पाण्यात मुरवत. आतला गोडवा निघून जातो आणि भुंगा लागत नाही. भिजल्यानंतर उन्हात टाकली तर तडकते. हा आरा माळ्यावर सावलीत सुकला होता, टोकाला एक बारीक चीर सोडली तर ठणठणीत.

“किती नंबरची?”

“चार.”

“पाच करूया का? बाभळीला सोपं जाईल.”

“पाचनं टोपडं जाळीवानी हुतंय. बाळाच्या डोस्क्याला वारं लागंल. चारच.”

बाई बरोबर होत्या, पंचाईत माझी होती. सुईची ताकद जाडीच्या घनानं वाढते. चारचा घन ६४, पाचचा १२५. म्हणजे एका मिलिमीटरसाठी जवळजवळ निम्मं बळ गमवायचं, त्यात गळ्यात आणखी खाच. अशा सुईला रेष अगदी सरळच हवी, आणि ती वरून कितीही न्याहाळली तरी खात्री होत नाही. करवतीनं कापलं तर करवत आपल्याला हवी तशी जाते, लाकूड कसं आहे ते सांगत नाही. फोडलं तर लाकूड आपल्या रेषेनंच फुटतं.

“मधून फोडावा लागंल,” मी म्हणालो.

आक्का गप्प झाल्या. भाऊच म्हणाले, “फोड की. सरपानच हाय.” पण खुर्ची ओढून जवळ येऊन बसले.

आरा व्हाइसमध्ये उभा धरला. माथ्यावर, बरोबर मध्यावर, रुंद पटाशी टेकवली आणि लाकडी हातोड्याचा ठोका दिला. तिसऱ्या ठोक्याला आवाज बदलला, लाकूड आतून सुटू लागलं की तो बदलतो, आणि मग पटाशी नुसती कलती केली. वरपासून खालपर्यंत आरा पावट्याच्या शेंगेसारखा उघडला. दोन सारखे भाग. कुठं तिरकी धाव नाही, गाठ नाही, पीळ नाही. बाभळीत पीळ नसणं म्हणजे नशीब म्हणावं लागतं, इथं नशीब नव्हतं. ज्या सुतारानं तो आरा घडवला त्यानं खोड निवडून, रेष बघून, वाकसानं त्या रेषेवरच तासला होता. आर्‍यावर गाडीचा भार उभा येतो. रेष तिरकी असती तर भरल्या गाडीखाली आरा केव्हाच फुटला असता.

आतला रंग तांबूस. धावेकडच्या, म्हणजे चाकाच्या लोखंडी कडीकडच्या टोकाला मात्र वीतभर निळसर काळी रेघ, शाई सांडल्यासारखी लाकडात मुरलेली.

“कुजलंय व्हय?” आक्का घाबरल्या.

कुजलं नव्हतं. बाभळीत टॅनिन भरपूर असतं, त्याची ओल्यात लोखंडाशी गाठ पडली की काळं होतं. पूर्वी बाभळीच्या शेंगा आणि लोखंड घालून काळा रंग करायचे तो याच गुणावर. पुराच्या पाण्यात धावेचं लोखंड गंजलं आणि आऱ्याच्या टोकातून वर चढलं. भाऊंना एकदम धाव कशी चढवत ते आठवलं. गोवऱ्यांच्या जाळात लाल केलेली कडी, चौघांचे चिमटे, वरून बादल्यांनी पाणी, आणि चाक करकचून आवळलं की सुताराला आप्पांनी दिलेला विडा. सुताराला बलुतं होतं, सुगीला पायली-पायलीनं. “लई चेंगट मानूस. एक आरा करायला दिवस घालवायचा. आप्पा शिव्या द्यायचं.” बोलता बोलता त्यांनी एक भाग उचलून मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं फुटलेल्या बाजूवरून चाचपत राहिले.

“ह्यो आसू दे माझ्याकडं,” ते म्हणाले. “घरात ठेवतो.”

“आता का?” आक्का म्हणाल्या. “मगाशी सरपान हुतं.”

“आगं, तुला सुईला लागतंय केवढं? बोटभर.”

“केवढं का लागंना. रानाच्या येळी तू कागद आणलास, म्या सही केली. वाचलासुदीक न्हाई. आता ह्यात तरी अर्धं माझं हाय का न्हाई?”

व्हाइसची दांडी मी उगाच एकदा सोडली आणि परत आवळली. हक्कसोड हा विषय आमच्याकडं बंद दारामागंच बोलतात. २००५ पासून कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, महाराष्ट्रानं तर १९९४ लाच तशी दुरुस्ती केली होती. तरी माहेर तुटू नये म्हणून बहिणी सह्या करतात आणि दिवाळीला साडी घेऊन येतात. माझ्या घरातही असंच झालेलं आहे, त्यामुळं तिथं मला बोलायला तोंड नव्हतं.

भाऊ बराच वेळ बोलले नाहीत. मग हातातला भाग तसाच मांडीवर ठेवून दुसरा आक्कांच्या पुढं सरकवला. “घे की. कोन नगं म्हनतंय.”

बायकोनं चहा आणला. तिला दारातूनच वारा कळला असावा, कारण कप ठेवून ती लगेच आत गेली नाही. सरळ आक्कांशेजारी बसून कुठल्या लोकरीचं टोपडं, तीन पदरी की चार, हे विचारत राहिली.

आक्कांच्या वाट्यातून मी सहा इंचाची कांडी फोडून घेतली. काळी रेघ मुठीकडं येईल आणि टोक स्वच्छ लाकडाचं राहील अशी. ओलं पांढरं फडकं रेघेवर घासलं तर फिकट राखाडी डाग उमटला. पांढऱ्या लोकरीला हे चालणार नाही. “लिंबू चोळ,” भाऊ म्हणाले. “धोतराचा गंज लिंबानंच जातोय.” गोष्ट खरी आहे. माझ्याकडं त्यासाठी ऑक्झॅलिक अॅसिडही असतं. पण आक्का म्हणाल्या, राहू दे तशीच. मग डाग आत कोंडायचा एकच मार्ग होता, लाखेची चपडी.

आधी आकार. जाडी चारची ठेवायची ती फक्त टोकाकडच्या इंचभर, मागं लगेच जाड होत जाणारी. खांबाच्या विणीत सुईवर एका वेळी दोन-तीन फासेच असतात, त्यांना तेवढी जागा पुरते आणि ताकद मागच्या जाडीतून मिळते. व्हर्नियर लावत सुरीनं, मग पॉलिश पेपरनं गोल केली. गोल कानशीनं गळ्याची खाच पाडली, आकड्याचा ओठ सुरीच्या टोकानं सोडवला. पॉलिश न करताच आक्कांच्या हातात दिली. हा माझा रिवाज आहे. सुई करणाऱ्याला ती बघून कळते, विणणारीला हातातूनच.

आक्कांनी चष्मा लावला, बायकोच्या टोपलीतली लोकर घेतली आणि साखळी घातली. मग मुका खांब. मान हलली.

“शिरतीया चांगली. भाईर येताना आडती.”

ओठ अणकुचीदार राहिला होता. दोन हात घासून गोल केला.

“आता घसारती. धाग्याला धरंना.”

गळा केसभर खोल केला. चार मिलिमीटरमध्ये केसभर म्हणजे काय हे पॅटर्न शॉपच्या माणसालाच ठाऊक. श्वास धरून कानस फिरवली. परत हातात. यावेळी आक्का काहीच बोलल्या नाहीत, विणतच सुटल्या. गोल सुरू झाला, खांब पडत गेले, बोटं इतकी सराईत की नजर भावाकडं आणि हात लोकरीवर. “तुझ्या पोरीच्या बारशाचं टोपडंबी म्याच केलं हुतं,” त्या म्हणाल्या. “ती इस्टीलची सुई. लई बोटं दुखायची.”

चपडीचं काम पुढचे दोन दिवस चाललं. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचा हात द्यायचा, ओला असतानाच ४०० च्या पेपरनं घासायचं, म्हणजे बाभळीचाच भुसा तिच्या भोकांत बसतो. असे हात साचत गेले की खरबरीतपणा मोडतो. शेवटी मधमाशीचं मेण. पांढरं ओलं फडकं रेघेवरून कितीदा घासलं, कोरं ते कोरंच.

न्यायला दोघंही आली. तीनशे रुपये सांगितल्यावर भाऊंनी डोळे मोठे केले. इस्टीलची तीस रुपयाला मिळती, वर लाकूड आमचंच. लाकूड त्यांचं होतं हे खरं, पण लाकडाचे पैसे मी लावलेच नव्हते. सुईत खर्च होतात ते तासच. हे गिऱ्हाइकाला पटवायच्या फंदात मी आता पडत नाही. आक्कांनी न बोलता पैसे मोजले.

भाऊंनी पोत्यातून आपला वाटा काढला. घरी नेलेला दिसत होता, गाळ खरवडून तेल चोळलं होतं.

“ह्याच्या खुरप्याच्या मुठी हुतील?”

“तीन होतील.”

“एक कर. ऱ्हायलेलं आसू दे. घेशील किती?”

“दीडशे.”

“मुठीचं? दीडशाला खुरपं येतंय मुठीसकट!”

आक्कांनी पाकीट परत उघडलं. “कर रं बाबा त्याला. मी देती. पन मूठ बसली की पैलं माझ्या परसातलं गवत काढून जायचं, म्हनावं.”

“बघू,” भाऊ म्हणाले, आणि मुठीची जाडी द्यायला पंजा माझ्यापुढं धरला.